गंडाम : प्रश्नांवर उभे राहिलेले विश्व

काल्पनिक कथा संपली, की तिच्यात न सांगितलेल्या गोष्टींविषयीचे प्रश्न प्रेक्षकांपाशी उरतात आणि त्या प्रश्नांचे काय होते यावर कथेचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. बहुतेक वेळा असे प्रश्न बालिश ठरवून बाजूला सारले जातात. गोष्ट ही गोष्ट म्हणून ऐकावी, तिच्यातल्या यंत्रांना इंधन कोण पुरवते हे विचारू नये, असा एक समज रूढ आहे. ‘कुतूहल’ या यंदाच्या अंकाच्या सूत्राला धरून येथे ज्या उदाहरणाचा विचार केला आहे, त्यात मात्र नेमके उलटे घडलेले दिसते. १९७९ साली जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेली ‘किदो सेन्शी गंडाम’ ही महाकाय यंत्रमानवांच्या युद्धाची अ‍ॅनिमे मालिका, म्हणजे जपानी धाटणीची चित्रमालिका, पहिल्या प्रक्षेपणात मुदतीआधीच गुंडाळली गेली. तरीही पुढच्या साडेचार दशकांत तिच्यातून अनेक मालिका आणि चित्रपट, कोट्यवधी प्लास्टिक प्रतिकृती आणि कथेतल्याच उंचीचे पुतळे निर्माण झाले.

या दीर्घायुष्यामागे व्यापाराचा आणि योगायोगाचा वाटा आहेच. पण गंडामच्या चाहत्यांनी विचारलेले प्रश्न कोणीतरी गंभीरपणे घेतले, त्यांची उत्तरे शोधली आणि ती उत्तरेच पुढे कथेच्या पायात घातली गेली, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. युद्धासाठी माणसाच्या आकाराचे यंत्र कशाला हवे, त्याचे वजन किती, ते पाण्यात बुडेल की तरंगेल, कथेच्या अनेक आवृत्त्यांपैकी खरी कोणती, युद्धात न्याय्य बाजू कोणाची आणि पाहायला सुरुवात कुठून करावी, हे चाहत्यांचे नेहमीचे प्रश्न आहेत. त्यांच्या मागोमाग गेले, तर या विश्वाची घडण उलगडत जाते.

मुदतीआधी थांबलेली मालिका

गंडामचा पहिला भाग ७ एप्रिल १९७९ रोजी नागोया येथील दूरचित्रवाणी केंद्राच्या पुढाकाराने, शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, म्हणजे लहान मुलांच्या वेळेत प्रक्षेपित झाला. निर्मिती निप्पॉन सनराईज या स्टुडिओची होती, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो होते, पात्रांची रेखाटने योशिकाझु यासुहिको यांनी केली होती, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची होती आणि खर्चाचा भार क्लोव्हर या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता. ‘माझिंगर झेड’ या १९७२ सालच्या मालिकेपासून यंत्रमानवांच्या गोष्टींचा एक साचा पक्का झाला होता : एक अजिंक्य यंत्र, त्याला चालवणारा एक शूर मुलगा आणि दर आठवड्याला नव्या रूपात येऊन हरणारा शत्रू. प्रायोजकाला या साच्यातली खेळणी विकायची होती.

तोमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा साचा बाहेरून तसाच ठेवला आणि आतून बदलून टाकला. त्यांच्या कथेत पृथ्वी संघराज्य आणि अंतराळातील वसाहतींनी स्थापन केलेली जिओन ही राजसत्ता यांच्यात युद्ध पेटते आणि पहिल्या महिन्याभरातच मानवजातीपैकी निम्मे लोक मरतात. ‘गंडाम’ नावाच्या यंत्राचा चालक अमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा परिस्थितीच्या रेट्याने युद्धात ओढला जातो, थकतो, चिडतो आणि एका टप्प्यावर लढायला नकारही देतो. शत्रूची झाकू नावाची यंत्रे कारखान्यात घाऊक तयार होणारी आहेत, त्यांच्या आत बसलेल्या सैनिकांना नावे आणि घरे आहेत, दारूगोळा संपतो आणि रसद वेळेवर आली नाही तर जहाज अडकून पडते. अशा यंत्रांना मालिकेत ‘मोबाइल सूट’ म्हटले गेले. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीतील सैनिकांच्या यांत्रिक पोशाखाची प्रेरणा त्यामागे होती.

लहान मुलांना हे सारे जड गेले, प्रेक्षकसंख्या कमी राहिली, खेळणी अपेक्षेप्रमाणे खपली नाहीत आणि ५२ भागांची योजना ४३ भागांवर आणून २६ जानेवारी १९८० रोजी मालिका संपवण्यात आली. मात्र तोवर तिला वेगळाच प्रेक्षक मिळाला होता. माध्यमिक शाळेतली आणि महाविद्यालयातली मुलेमुली, त्यांत मुलींची संख्या लक्षणीय, मासिकांना पत्रे लिहीत होती, पात्रांच्या वंशावळी मांडत होती आणि न दाखवलेल्या लढायांचे तपशील मागत होती. पुनःप्रक्षेपणांनी हा वर्ग वाढत गेला. मालिकेतील भाग जोडून चित्रपट काढण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोतील शिंजुकु स्थानकाबाहेर भरलेल्या सभेला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक तरुण जमले आणि तोमिनो यांना व्यासपीठावरून शांत राहण्याचे आवाहन करावे लागले. ‘अ‍ॅनिमेच्या नव्या शतकाची घोषणा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सभेनंतर, १४ मार्च १९८१ ते १३ मार्च १९८२ या वर्षभरात तीन चित्रपट प्रदर्शित झाले आणि बंद पडलेली मालिका जपानच्या लोकजीवनाचा भाग बनली.

यंत्रमानवच का?

चाहत्यांचा सर्वांत जुना प्रश्न हा, की रडार आणि मार्गदर्शित क्षेपणास्त्रे असलेल्या युगात दोन पायांची यंत्रे समोरासमोर येऊन तलवारीने का लढतात. त्याचे उत्तर मालिकेतच एका काल्पनिक कणाच्या रूपाने दिलेले आहे. मिनोव्स्की कण हवेत किंवा पोकळीत दाट पसरवले, की रडार आंधळे होते, बिनतारी संदेश तुटतात आणि दूरवरून नेम धरणारी शस्त्रे निकामी होतात. मग लढणाऱ्यांना डोळ्यांनी दिसेल इतक्या अंतरावर यावे लागते आणि जवळच्या झुंजीत चपळ, हातापायांच्या यंत्राला महत्त्व येते. हे गृहीतक एकदा मान्य केले, की जिओनसारखी लहान सत्ता मोठ्या आरमारावर मात कशी करते, जहाजांवर माणसे दुर्बिणी लावून पहारा का देतात आणि संदेश पोहोचवायला दूत का पाठवावे लागतात, या सगळ्यांची उत्तरे त्याच एका ठिकाणाहून मिळतात. चांगल्या विज्ञानकथेची रीत हीच, की खोटे एकच बोलावे आणि त्याचे परिणाम मात्र प्रामाणिकपणे शेवटपर्यंत न्यावेत.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो : अंतराळात चालायला जमीनच नाही, तर पाय कशाला? येथे चाहत्यांनी आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या अभ्यासकांनी निर्मात्यांच्या पुढे जाऊन विचार केला. १९८१ साली ‘औट’ या मासिकाचा जोडअंक म्हणून ‘गंडाम सेंच्युरी’ हा संग्रह निघाला आणि त्यात मालिकेतील तंत्रज्ञान, युद्धनीती आणि इतिहास एखाद्या खऱ्या कालखंडाचा अभ्यास करावा तशा गांभीर्याने मांडला गेला. हातपाय झटकून धडाची दिशा बदलण्याची, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अँबॅक’ म्हटली जाणारी कल्पना याच संग्रहातून रूढ झाली. तिच्यामागचे तत्त्व खरे आहे. बाहेरून फिरवणारे बल लागत नसेल, तर पदार्थाचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, कायम राहतो. त्यामुळे एक भाग एका दिशेने फिरवला तर उरलेला भाग उलट दिशेने फिरतो. उंचावरून पडणारे मांजर हवेतच वळून चार पायांवर उतरते ते याच नियमाने. पोकळीत वळण्यासाठी दरवेळी इंधन जाळण्याऐवजी यंत्राने हातपाय हलवले तर इंधन वाचते, म्हणून अंतराळातही हातपाय उपयोगी, असा हा युक्तिवाद पुढे मालिकांच्या अधिकृत माहितीत सामावून घेतला गेला.

जिओनचा मुखवटाधारी योद्धा शार अझ्नाबल याच्या लाल झाकूचे कोडे याच जातीचे आहे. दुसऱ्या भागात हे यंत्र नेहमीच्या तिप्पट वेगाने येत असल्याचे पहारेकरी ओरडून सांगतो, पण पुढे प्रसिद्ध झालेल्या तपशिलांत त्याच्या इंजिनाचा जोर साध्या झाकूपेक्षा फक्त ३० टक्क्यांनी अधिक दिलेला आहे. हा फरक भरून काढण्यासाठी चाहत्यांनी जी उत्तरे सुचवली, त्यांतले सर्वांत टिकलेले उत्तर असे, की शार वाटेतल्या जहाजांवर आणि अवशेषांवर पाय रोवून स्वतःला पुढे ढकलतो, म्हणजे वेग इंजिनाचा नसून चालकाच्या कौशल्याचा आहे. पटकथेतल्या एका ओळीतली विसंगती अशा रीतीने पात्राच्या स्वभावाचे वर्णन होऊन बसली.

फिरत्या नळकांड्यांतील घरे

गंडामच्या भूगोलाचा आधार मात्र पूर्णपणे खऱ्या विज्ञानातून आलेला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली एका लेखात आणि १९७६ साली ‘द हाय फ्रंटियर’ या पुस्तकात अंतराळात माणसांची वस्ती कशी उभारता येईल याचा आराखडा मांडला होता. त्यातील सर्वांत मोठी वसाहत म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर लांबीचे, स्वतःभोवती फिरणारे पोकळ नळकांडे असून त्याच्या आतल्या भिंतीवर माती, नद्या, शेते आणि गावे असतात. नळकांडे फिरत असल्याने आतल्या माणसाला भिंतीकडे ओढ जाणवते आणि तीच त्याची जमीन होते. गंडाममधील वसाहतींचा व्यास सुमारे साडेसहा किलोमीटर धरला जातो. एवढ्या व्यासात पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी नळकांड्याला सुमारे ११४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करावी लागेल, हे गणित अकरावीचा विद्यार्थीही वर्तुळाकार गतीच्या सूत्रावरून करू शकतो.

या वसाहतींचे समूह पृथ्वी आणि चंद्र यांच्या परिसरातील लाग्रांज बिंदूंवर, म्हणजे दोघांच्या गुरुत्वाचा आणि भ्रमणाचा मेळ बसून लहान वस्तू फारशी न हलता राहू शकते अशा जागांवर, वसवलेले दाखवले आहेत. जिओनचे स्थान चंद्राच्या पलीकडे, पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बाजूला आहे आणि या दूरपणातच बंडाचे राजकारण रुजते. युद्धाच्या आरंभी जिओन अशीच एक वसाहत कक्षेतून ढकलून पृथ्वीवर पाडते आणि सिडनी शहर नकाशावरून पुसले जाते. घर म्हणून बांधलेली वस्तूच शस्त्र झाल्याची ही घटना गंडामच्या साऱ्या पुढच्या कथांवर सावली धरून आहे.

अठरा मीटर उभे करताना

पहिल्या गंडामची उंची १८ मीटर आणि मूळ वजन ४३.४ टन सांगितले आहे, आणि या दोन आकड्यांवर चाहत्यांनी जितके हिशेब केले आहेत तितके क्वचितच कोणत्या काल्पनिक वस्तूवर झाले असतील. आकार वाढला की पृष्ठफळ वर्गाच्या प्रमाणात आणि वजन घनाच्या प्रमाणात वाढते, हा नियम गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाडांच्या जाडीचे उदाहरण देऊन समजावला होता. १.७ मीटर उंचीचा, ६५ किलो वजनाचा माणूस त्याच प्रमाणात १८ मीटरपर्यंत वाढवला, तर त्याचे वजन सुमारे ७७ टन भरते. गंडाम त्याहून पुष्कळ हलका आहे. माणसाची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने हा धातूचा योद्धा समुद्रात तरंगायला हवा, आणि मालिकेत तर तो पाण्याखाली लढतो. चंद्रावरील टायटॅनियमपासून बनवलेल्या हलक्या, मजबूत मिश्रधातूचे स्पष्टीकरण कथेत आहे, पण ते या प्रश्नाला पूर्णपणे पुरत नाही, आणि म्हणूनच नव्या पिढीला हा हिशेब पुन्हा करावासा वाटतो.

कागदावरचे हे हिशेब प्रत्यक्षात उतरवण्याचा प्रयत्नही जपानमध्ये झाला. मालिकेला ३० वर्षे झाल्याच्या निमित्ताने २००९ सालच्या उन्हाळ्यात टोकियोतील ओदाइबा येथे समुद्रकाठच्या उद्यानात १८ मीटर उंचीचा गंडाम उभारण्यात आला आणि दोन महिन्यांहून कमी काळात सुमारे ४१ लाख लोकांनी तो पाहिला. त्याच परिसरातील दायव्हरसिटी या व्यापारी संकुलासमोर २०१७ साली १९.७ मीटर उंचीचा युनिकॉर्न गंडाम उभा राहिला. ठरलेल्या वेळी त्याच्या कपाळावरचे शिंग दुभंगते, अंगावरचे पत्रे सरकतात आणि आतून गुलाबी प्रकाश बाहेर पडतो. हे पाहायला जमणाऱ्या गर्दीत खांद्यावर मूल घेतलेले आईबाप, परदेशी प्रवासी आणि पहिली मालिका लहानपणी पाहिलेले ज्येष्ठ नागरिक अशा तीन पिढ्या एकत्र दिसतात.

खरी कसोटी योकोहामा बंदरात लागली. तेथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात हालचाल करणारा १८ मीटरचा गंडाम प्रदर्शित करण्यात आला. त्याचे वजन सुमारे २५ टन, म्हणजे कथेतल्याहून कमी होते, अंगात २४ हालते सांधे होते आणि कमरेला मागून एका भक्कम आधारगाड्याने धरलेले होते. तो गुडघा वाकवत असे, पाऊल उचलत असे, बोटे हलवत असे, पण स्वतःच्या पायांवर चालत नसे. याचे कारणही आकाराच्या वाढीतच आहे. माणसाच्या दहापट उंचीचे शरीर त्याच लयीत चालू शकत नाही. त्याची प्रत्येक ढांग सुमारे तीन-सव्वातीन पट संथ व्हावी लागते, चालताना माणसाचे डोके जे चार-पाच सेंटिमीटर वरखाली होते ते येथे अर्ध्या मीटरच्या आसपास होईल आणि पोटातल्या कक्षात बसलेल्या चालकाला प्रत्येक पावलागणिक तो हेलकावा सोसावा लागेल. अभियंत्यांनी मर्यादा लपवल्या नाहीत, आधारगाडा सर्वांना दिसेल असाच ठेवला, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला कल्पना व वास्तव यांतले अंतर किती आहे हे प्रत्यक्ष मोजता आले.

चौकटीतून सुटणारे भाग

प्रश्न विचारणारा चाहता आणि हाताने वस्तू करणारा चाहता हे गंडामच्या बाबतीत वेगळे काढता येत नाहीत. बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये ३०० येन किमतीची गंडामची पहिली प्लास्टिक प्रतिकृती बाजारात आणली. ‘गनप्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रतिकृतींनी मालिकेला खऱ्या अर्थाने जिवंत ठेवले. पहिल्या प्रतिकृतीचे प्रमाण १/१४४ होते, म्हणजे १८ मीटरचा गंडाम साडेबारा सेंटिमीटरचा होत असे. आधीच्या यंत्रमानवांची खेळणी खोक्याच्या सोयीने कोणत्याही मापाची बनवली जात. येथे मात्र विमानांच्या आणि रणगाड्यांच्या प्रतिकृतींप्रमाणे एकच प्रमाण राखल्याने गंडाम आणि झाकू शेजारी उभे करून त्यांची खरी तुलना करता येऊ लागली. मागणी इतकी वाढली, की दुकानांपुढे रांगा लागत आणि जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातील एका दुकानात सरकत्या जिन्यावर मुलांची चेंगराचेंगरी होण्यापर्यंत मजल गेली.

मालिकेतली यंत्रे करून संपल्यावर १९८३ साली बांदाईने ओकावारा यांच्या रेखाटनांवर आधारित, मालिकेत कधीच न दिसलेल्या यंत्रांची एक नवी शाखा काढली. वाळवंटात लढणारा झाकू कसा असेल, नामांकित योद्ध्यांची यंत्रे कोणत्या रंगाची असतील, हे हौशी कारागिरांनी आधीच विचारले होते आणि स्वतःच्या हाताने बनवूनही पाहिले होते. कंपनीने त्या कुतूहलाला रीतसर रूप दिले. अशा रीतीने कथेचा इतिहास प्रतिकृतीच्या खोक्यावर छापलेल्या माहितीपत्रकातून वाढत गेला.

यामागचे तंत्रही समजून घेण्याजोगे आहे. गनप्लाचे सुटे भाग ‘रनर’ नावाच्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते निपरने, म्हणजे बारीक चिमट्यासारख्या कात्रीने, कापून, कडा घासून एकमेकांत बसवायचे असतात. सुरुवातीच्या प्रतिकृती एकरंगी असत, त्यांना गोंद आणि रंग दोन्ही लागत. पुढे एकाच साच्यात एकाच वेळी वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिक ओतण्याचे तंत्र विकसित झाले आणि १९९० साली आलेल्या ‘हाय ग्रेड’ श्रेणीपासून गोंदाशिवाय, नुसत्या दाबाने जुळणारी बहुरंगी प्रतिकृती रूढ होत गेली. १९९५ साली १/१०० प्रमाणाची ‘मास्टर ग्रेड’, १९९८ साली १/६० प्रमाणाचा गंडाम असलेली ‘परफेक्ट ग्रेड’ आणि २०१० साली ‘रिअल ग्रेड’ अशा श्रेणी आल्या. त्यांत आतला सांगाडाही जोडावा लागतो, त्यामुळे गुडघा वाकताना कोणता पत्रा कोठे सरकतो हे बनवणाऱ्याला बोटांनी कळते. हे उत्पादन होते ते शिझुओका शहरात. लाकूडकामाच्या जुन्या परंपरेतून प्लास्टिक प्रतिकृतींच्या उद्योगाकडे वळलेले हे शहर असून तेथे २००६ साली बांदाईचे मोठे केंद्र सुरू झाले.

खरी आवृत्ती कोणती?

कथा वाढली की तिच्यात विसंगती येतात आणि ‘अधिकृत काय’ हा वाद सुरू होतो. मूळ मालिकेत खेळण्याच्या विक्रीसाठी ‘जी-आर्मर’ नावाचे जोडयंत्र मध्येच आणले होते. १९८१-८२ सालच्या चित्रपटांत तोमिनो यांनी ते काढून टाकले आणि त्याच्या जागी दुसरे विमान दाखवले. १९८५-८६ साली आलेल्या ‘झेटा गंडाम’ या पुढच्या मालिकेचा नायक शेवटी मानसिकदृष्ट्या कोलमडतो, तर २००५-०६ साली त्याच कथेच्या चित्रपटांत तो सावरलेला दिसतो. मूळ मालिकेच्या पंधराव्या भागात येणारी कुकुरुस दोआन या पळून आलेल्या सैनिकाची कथा तोमिनो यांच्या इच्छेनुसार इंग्रजी आवृत्तीतून वगळली गेली, आणि २०२२ साली यासुहिको यांनी तिच्यावरच पूर्ण लांबीचा चित्रपट केला.

सर्वसाधारणपणे पडद्यावर सचेतन रूपात आलेली कथा अधिकृत आणि कादंबऱ्या, चित्रकथा, माहितीपत्रके दुय्यम असा निकष मानला जातो, पण दोन पडदारूपे परस्परविरोधी असतील तेथे तोही अपुरा पडतो. निर्मात्यांनी यावर दोन मार्ग काढले. पहिल्या मालिकेपासून चालत आलेल्या ‘युनिव्हर्सल सेंच्युरी’ या कालगणनेबाहेर, १९९४ सालच्या ‘जी गंडाम’पासून, स्वतंत्र कालगणनांची वेगळी विश्वे निर्माण करण्यात आली. नंतर १९९९ सालच्या ‘टर्न ए गंडाम’मध्ये तोमिनो यांनी ही सगळी विश्वे एकाच अतिदूर भविष्यातल्या माणसांचा विसरलेला, गाडलेला भूतकाळ म्हणून स्वीकारली. कोणतीही आवृत्ती खोटी न ठरवता सर्वांना इतिहासात जागा देण्याचा हा निर्णय उदार आहे आणि चाहत्यांच्या वादांकडे पाहण्याची परिपक्व दृष्टी त्यातून दिसते.

न्याय कोणाच्या बाजूला?

यंत्रांविषयीचे प्रश्न कितीही सुटले, तरी गंडामला वजन आहे ते नैतिक प्रश्नांमुळे. वसाहतींतल्या लोकांना स्वतःचे राज्य हवे, ही जिओनची मूळ मागणी रास्त आहे, पण ती झाबी घराण्याच्या हाती पडल्यावर हुकूमशाहीत बदलते. झाबी घराण्याचा वृद्ध प्रमुख स्वतःच्या मुलाची तुलना हिटलरशी करतो, असा प्रसंग मालिकेत आहे. संघराज्य लोकशाहीचे नाव घेते, पण ते मुजोर आणि दूरस्थ आहे आणि मुलांना युद्धात उतरवायला कचरत नाही. १९४१ साली जन्मलेल्या तोमिनो यांच्या पिढीने बाळपणीच हरलेल्या युद्धाचे अवशेष पाहिले होते, आणि त्यामुळे शत्रूलाही आई असते हे त्यांना कथेत ओरडून सांगावे लागले नाही.

याच संदर्भात ‘न्यूटाइप’ ही संकल्पना येते. अंतराळात राहू लागलेल्या माणसांमध्ये दुसऱ्याचे मन शब्दांविना समजण्याची शक्ती विकसित होईल, अशी आशा तिच्यात आहे. पण युद्धात ही शक्ती लाभलेल्यांचा उपयोग अधिक अचूक मारेकरी म्हणूनच होतो. कपाळावर ठिपका असलेली, भारतीय वंशाची मानली जाणारी लाला सून ही तरुणी आणि अमुरो हे दोघे शत्रुपक्षात असूनही रणांगणातच एकमेकांना पूर्णपणे समजतात, आणि त्यानंतर काही क्षणांत ती शारला वाचवताना अमुरोच्याच हातून मारली जाते. समज आली तरी युद्ध थांबत नसेल तर समजेचा उपयोग काय, हा येथे उभा राहणारा प्रश्न नंतरची कोणतीही मालिका टाळू शकलेली नाही. २००७ सालच्या ‘गंडाम डबल ओ’मध्ये तो आजच्या जगाच्या जवळ येतो : चीन, रशिया आणि भारत यांचा एक गट, इतर दोन महागट, सौरऊर्जेवरून चाललेली स्पर्धा, आणि सुरुवातीलाच श्रीलंकेतील वांशिक संघर्षात बळाने शांतता लादणारी एक सशस्त्र संघटना. बळाने लादलेली शांतता शांतता ठरते का, यावर मालिका प्रेक्षकालाच विचार करायला लावते.

सुरुवात कुठून करावी?

नवा प्रेक्षक सर्वांत आधी विचारतो तो हाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर देताना जुने चाहते अनेकदा कालक्रमाची लांबलचक यादी पुढे करून त्याला घाबरवून सोडतात. वस्तुतः तीन दारे पुरेशी आहेत. मूळ कथेचा गाभा हवा असेल तर १९८१-८२ सालचे तीन चित्रपट पाहावेत आणि नंतर ‘झेटा गंडाम’कडे व १९८८ सालच्या ‘शार्स काउंटरअटॅक’ या चित्रपटाकडे वळावे. वेळ कमी असेल तर १९८९ सालची ‘वॉर इन द पॉकेट’ ही सहा भागांची मालिका पाहावी, कारण युद्धाचे आकर्षण असलेल्या एका लहान मुलाच्या डोळ्यांनी युद्ध म्हणजे काय ते तीत दाखवले आहे. आणि जुन्या संदर्भांचे ओझे नको असेल तर २०२२-२३ सालची ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ ही मुख्य मालिकांमधली पहिली स्त्री-नायिका असलेली कथा योग्य ठरेल.

प्रश्नांमधून कथा कशी जन्मते याचे सर्वांत ताजे उदाहरण २०२५ सालच्या ‘गंडाम जीक्वाक्स’ने पुढे ठेवले. पहिल्या भागात शत्रूच्या हाती लागता लागता राहिलेला गंडाम शारनेच पळवला असता आणि जिओनने युद्ध जिंकले असते तर काय झाले असते, हा चाहत्यांच्या गप्पांतला जुना ‘जर-तर’ काझुया त्सुरुमाकी यांच्या दिग्दर्शनाखाली अधिकृत कथेचा पाया झाला. तिच्या लेखनात सहभागी असलेले हिदेआकी आन्नो यांनी १९९३ साली ‘शार्स काउंटरअटॅक’वर तोमिनो यांच्या मुलाखतीसह एक ‘दोजिन्शी’, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः काढलेले प्रकाशन, तयार केले होते. प्रश्न विचारणारा चाहताच तीन दशकांनंतर उत्तर लिहिणारा झाला.

गंडामचा हा प्रवास एक गोष्ट निश्चितपणे सिद्ध करतो : प्रेक्षकाचे कुतूहल कलाकृतीला दुबळे करत नाही, तिचे आयुष्य वाढवते, आणि काल्पनिक यंत्राचे वजन काढताना शिकलेले गणित, काल्पनिक युद्धात न्याय शोधताना लागलेली विवेकाची सवय या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. म्हणून घरातल्या मुलाने पडद्याकडे बोट दाखवून ‘हे असे का?’ असे विचारले, तर ‘ती नुसती गोष्ट आहे’ असे सांगून त्याला गप्प करू नये; त्याच्याबरोबर बसून तो हिशेब मांडावा.